म्यूकर, दोन निगेटिव्ह रिपोर्ट आणि सलाईनमधला तुकडा

मे २०२१. आईला कोविडमधून घरी आणून नऊ दिवस झाले होते. वय ६१, मधुमेह जुना, त्यात स्टेरॉइडमुळे साखर ३५० च्या वर. सकाळी दात घासताना म्हणाली, "उजवा गाल बधिर झालाय रे, चूळ भरलेली कळत नाही." दुपारपर्यंत डोळ्याखाली सूज आली.

आधी जिथे दाखल होती त्याच रुग्णालयात नेलं. रक्त घेऊन गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकन पाठवलं, "बुरशीच्या रॅपिड टेस्ट आहेत" म्हणाले. तपासणी काही तासांचीच, पण पुरेसे नमुने जमल्याशिवाय लॅब प्लेट लावत नाही, म्हणून रिपोर्टला दोन दिवस. दोन्ही निगेटिव्ह. "सायनसचं इन्फेक्शन आहे," म्हणून गोळ्या दिल्या नि घरी पाठवलं. आम्ही देवापुढे साखर ठेवली. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

संध्याकाळी नाकातून काळपट पाणी आलं. कर्वे रस्त्यावरच्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी रात्रीच बोलावलं. रिपोर्ट बघून म्हणाले, "हे निगेटिव्हच येणार. गॅलॅक्टोमॅनन अ‍ॅस्परजिलस नावाच्या वेगळ्या बुरशीसाठी. म्यूकरच्या, म्हणजे या काळ्या बुरशीच्या, भिंतीत ते नसतं, ग्लुकनही जवळजवळ नसतं. या रक्ततपासण्यांत म्यूकर सापडत नाही, जागेवरच शोधावा लागतो." म्हणजे रिपोर्ट बरोबर होता, पण दुसऱ्या बुरशीचा. एवढं एक वाक्य आम्हाला दोन दिवस आधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

दुर्बिणीच्या स्क्रीनवर गुलाबी अस्तरात कोळशासारखा डाग दिसला. लोक काळी बुरशी म्हणतात, पण काळं दिसतं ते मेलेलं मांस. बुरशी रक्तवाहिन्या बंद करते आणि ते मरतं. "काकू, दुखतंय का?" आईने मान हलवली, नाही. डॉक्टरांनी तुकडा काढला तर रक्तसुद्धा आलं नाही.

तुकड्याचे दोन भाग केले. एक फॉर्मॅलिनमध्ये, हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे मांसाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायला. दुसरा साध्या सलाईनमध्ये, माझ्या हातात. "याला फॉर्मॅलिन लागू देऊ नका. फ्रीजमध्ये ठेवू देऊ नका. आणि लॅबमध्ये सांगा, कुटायचा नाही, बारीक कापायचा. कुटला की तंतू तुटतात, मग कल्चरमध्ये, म्हणजे बुरशी वाढवून बघताना, काही उगवत नाही." भाऊ स्कूटर चालवत होता, मी मागे बसून बाटली मुठीत धरलेली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

लॅबमधल्या मॅडमनी तुकड्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातलं. त्याने मांस विरघळतं, बुरशीची भिंत टिकते. तासाभराच्या आत त्या बाहेर आल्या आणि माझ्याच फाइलच्या पाठीवर पेनाने काढून दाखवलं: रुंद, फितीसारखे तंतू, मध्ये पडदे जवळजवळ नाहीत, फांद्या जवळपास काटकोनात. शेजारी अ‍ॅस्परजिलस काढला: बारीक, पडदे असलेला, फांद्या ४५ अंशांत. औषधही यावरूनच ठरतं. अ‍ॅस्परजिलसला आधी व्होरिकोनॅझोल देतात आणि म्यूकरवर ते चालत नाही. तिथे अ‍ॅम्फोटेरिसिन लागतं. मॅडमनी डॉक्टरांना तिथूनच फोन लावला, कागदी रिपोर्टची वाट पाहिली नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

त्या रात्रीच आई दुसऱ्या रुग्णालयात दाखल झाली, सकाळी ऑपरेशन झालं. इंजेक्शनसाठी तेव्हा सगळ्यांची झाली तशी वणवण आमचीही झाली. ते औषध मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं, म्हणून रोज रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघायचे. डोळा वाचला.

कल्चरचा रिपोर्ट पाचव्या दिवशी आला: रायझोपस, म्यूकरच्याच गटातली बुरशी. तोवर अ‍ॅम्फोटेरिसिनच्या चार रात्री होऊन गेल्या होत्या.