कोंबडीच ना ती?

आमच्या परसातल्या चार कोंबड्यांपैकी तांबीला या उन्हाळ्यात अळ्या पडल्या. ती वाचली. तिला वाचवताना काय काय करावं लागलं आणि इंग्लंडमधल्या एका नियमाने माझं डोकं किती फिरवलं, दोन्ही सविस्तर लिहिते आहे. कारण फोनवर ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी आधी हेच विचारलं, "कोंबडीच ना ती?"

बाकीच्या तिघी माती उकरत होत्या आणि ही कुंपणाशी शेपूट पाडून, पिसं फुगवून, अर्धे डोळे मिटून उभी होती. कोंबडी दुखणं होईल तितकं लपवते, कारण कळपात कमजोर दिसली की बाकीच्या टोचायला लागतात. तिला उचललं तेव्हा मागून कुजकट, गोडसर वास आला. शेपूट वर केली. विष्ठेने चिकटून कडक झालेली पिसं, त्यांच्या मुळाशी पिवळट पांढऱ्या अंड्यांचे पुंजके, आणि पिसं बाजूला केल्यावर वळवळणाऱ्या अळ्या. गुदद्वाराच्या कडेच्या कातडीला भोकं पडली होती आणि त्या आत घुसत होत्या.

इथे याला 'फ्लाय स्ट्राइक' म्हणतात. मेंढ्या आणि ससे पाळणाऱ्यांना तो चांगलाच माहीत असतो. चकचकीत हिरवी माशी, शास्त्रीय नाव लुसिलिया सेरिकाटा, ओल्या, घाण पिसांच्या वासावर येते आणि एका वेळी दोनशेच्या आसपास अंडी घालू शकते. ऊब असेल तर दिवसभरात अळ्या बाहेर पडतात. त्यांच्या लाळेतले पाचक रस कातडी विरघळवतात, जखमेच्या वासाने आणखी माश्या येतात, आणि मग जनावर जखमेपेक्षा विषबाधेने आणि धक्क्याने जातं. सकाळी ठीक दिसलेली कोंबडी दुसऱ्या दिवशी मेलेली सापडते, ती अशी.

आता सांगते, मी घाबरले नाही. माहेरी गोठा होता. बैलाच्या खांद्याला, म्हशीच्या खुरात पडलेले किडे मी लहानपणापासून पाहिलेत. शेजारच्या इंग्रज आजी तांबीला टॉवेलात धरून बसल्या खऱ्या, पण तोंड फिरवून. मी चिमट्याने एकेक अळी काढत होते. या कामात आपण गावाकडची माणसं कुणालाही हार जाणार नाही, हे अभिमानाने लिहिते.

गोठ्यातलं सगळंच मात्र इथे चालत नाही. आपल्याकडे टर्पेंटाइनचा बोळा जखमेत ठेवला की अळ्या गुदमरून बाहेर येतात. म्हशीला तो सोसतो. कोंबडीची कातडी पातळ, आणि पक्ष्याची श्वसनसंस्था वाफांना फार नाजूक. म्हणून फक्त कोमट मिठाचं पाणी: लिटरला नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे सलाइनइतकंच. त्यात तिचा मागचा भाग बुडवून ठेवला. अळीची श्वासाची छिद्रं मागच्या बोथट टोकाला असतात; ती डोकं मांसात खुपसते आणि मागचं टोक हवेकडे ठेवते. पाण्यात बुडली की हवेसाठी मागे सरकते, तेव्हाच ते बोथट टोक चिमट्यात धरून सावकाश ओढायचं, तुटू द्यायची नाही. मग भोवतालची सगळी पिसं मुळाशी कापायची, कारण अंडी तिथेच चिकटलेली असतात आणि धुऊन जात नाहीत. पुन्हा स्वच्छ पाणी, चहाच्या फिक्या रंगाइतकं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन, आणि केस वाळवायच्या यंत्राच्या मंद वाऱ्यावर पार कोरडं. ओलावा राहिला की माशी परत आलीच.

हे सगळं एकदा करून भागत नाही. नजरेतून सुटलेली अंडी रात्रीत फुटतात. म्हणून तिला घरात जाळी लावलेल्या खोक्यात ठेवली आणि दर काही तासांनी शेपूट उचलून बघायचं, आत लपलेली एखादी अळी सापडली की पुन्हा पाणी, पुन्हा चिमटा. माझ्या मते तांबी वाचली ती या सततच्या बघण्यामुळे. औषधाचा वाटा त्यानंतरचा.

औषधाकडे येते, कारण डोकं फिरलं ते तिथे. पहिल्या दवाखान्याने फोनवर सांगितलं की आम्ही कोंबड्या बघत नाही. दुसऱ्या दवाखान्यातली रात्रपाळीची डॉक्टर मात्र शांतपणे बोलली, आधी कोमट पाण्यात घ्या म्हणाली आणि वेदनेचं औषध तयार ठेवलं. इथे पशुवैद्यांच्या आचारसंहितेतच आहे की आपापल्या कौशल्यानुसार चोवीस तास प्रथमोपचार आणि वेदनाशमनाची सोय केली पाहिजे. 'वेदनाशमन' हा शब्द कोंबडीच्या बाबतीत ऐकून मला भरून आलं.

आणि त्याच डॉक्टरने पुढच्या वाक्यात सांगितलं की तांबी कायद्याने 'अन्न देणारा प्राणी' आहे. पाळीव असो, नावाने हाक मारल्यावर धावत येणारी असो, आम्ही तिला कधीही खाणार नसू, कायद्याला फरक पडत नाही. कोंबडी ती कोंबडी. त्यामुळे तिला कुठली औषधं द्यायची हे ठरलेल्या यादीतूनच. कोंबड्यांसाठी परवाना नसलेलं औषध द्यायचं तर डॉक्टरच्या जबाबदारीवर, आणि ती सांगेल तितके दिवस अंडी कुणी खायची नाहीत, घरच्यांनीसुद्धा. ससा असता तर पाळीव म्हणून सूट मिळाली असती. कोंबडीला ती नाहीच. प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय नाहीत. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांवरचा फिप्रोनिलचा स्प्रे तर बंदच. आणखी एक: स्वयंपाकघरातून गेलेलं काहीही तिला घालायचं नाही. घर पूर्ण शाकाहारी असून चालत नाही, दूधसुद्धा नसलेलं हवं. आजारी कोंबडीला दोन घास रुचतील ते द्यावेत, तर तेही नाही. तिचं नेहमीचं गोळी खाद्य कोमट पाण्यात भिजवून भरवलं.

मी खूप चिडले. नोंदणी मला पटते. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये एक कोंबडी असली तरी नाव नोंदवावं लागतं, बर्ड फ्लूच्या साथीत ते उपयोगाचं आहे. पण घरच्या कोंबडीला तिच्या माणसांनी काय मानावं, हेही सरकार ठरवणार? मग आठवलं की २०१७ मध्ये युरोपात फिप्रोनिल मिसळलेली लाखो अंडी बाजारातून मागे घ्यावी लागली होती. कोंबडीला दिलेलं अंड्यात उतरतं, हे खोटं नाही. तरी चीड पूर्ण गेलेली नाही.

आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अगं, एवढं माणसाला तरी करतात का?" करतात, आई. आणि कायद्याचंच म्हणशील तर आपलाही काही कालचा नाही. १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या तिसऱ्या कलमात लिहिलंय की ज्याच्या ताब्यात जनावर आहे, त्याने त्याला नाहक वेदना होऊ नयेत याची काळजी घ्यावी. त्यात कोंबडी वगळलेली नाही. इथल्या २००६ च्या कायद्यातही हेच आहे. फरक एवढाच की इथे रात्री फोन केला तर कुणीतरी उचलतं. तेवढा फरक मला पुरेसा मोठा वाटतो, आणि तो लिहिताना आपल्याकडच्यांना कमी लेखते आहे असं कुणी समजू नये. एकेका तालुक्यात गुरांसाठी धावणारे डॉक्टर मी पाहिलेत. कोंबडीपर्यंत ते पोचणार कधी?

शिवाय तांबी अंड्यांसाठीच पैदास केलेल्या जातीची आहे. अशी कोंबडी वर्षाला तीनशेच्या घरात अंडी घालते, आणि त्यापायी तिच्या प्रजनन मार्गाची दुखणी, मागचा भाग सतत घाण राहणं हे ओघाने येतं. माशी येते ती त्यावर. अंडी आपण खाल्ली, तर दुखणंही आपणच काढायला हवं, असं मला वाटतं.

एक गोष्ट वाचून थक्क झाले. याच माशीच्या अळ्या इथल्या सरकारी रुग्णालयांत न भरणाऱ्या जखमा साफ करायला वापरतात, २००४ पासून डॉक्टर त्या चिठ्ठीवर लिहून देऊ शकतात. पहिल्या महायुद्धात विल्यम बेअर या अमेरिकन शल्यविशारदाने अळ्या पडलेल्या सैनिकांच्या जखमा अनपेक्षितपणे स्वच्छ असल्याचं पाहिलं होतं. दवाखान्यातल्या अळ्या निर्जंतुक असतात, मोजून ठेवतात, काही दिवसांत काढतात. तांबीच्या अंगावर त्यांना थांबवणारं कुणी नव्हतं.

जखम आता भरली आहे, कापलेल्या जागी नव्या पिसांच्या काड्या फुटल्या आहेत. लालसर भाग दिसला की बाकीच्या टोचतील म्हणून तिला पिसं येईपर्यंत जाळीआड ठेवलंय, पण त्यांना ती दिसेल अशी. फार दिवस नजरेआड राहिली तर परत घेत नाहीत. डॉक्टरने विष्ठा तपासली तर जंत निघाले, जुलाबाचं मूळ तेच. त्यावर फ्लुबेंडाझोल, चौघींच्याही खाद्यात सलग सात दिवस मिसळायचं. हे औषध कोंबड्यांसाठीच परवाना असलेलं आहे, त्यामुळे बाकी तिघींची अंडी खायला हरकत नाही. तांबीची अजून बंद.