एमजीबीचा टॅकोमीटर: पॉइंट्स गेले आणि काटा उड्या मारू लागला

माझी एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. तिच्या डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट्स (ठिणगी बनवणाऱ्या कॉइलचा प्रवाह तोडणारा यांत्रिक स्विच) काढून हॉल-इफेक्ट मॉड्यूल (तेच काम चुंबकाच्या इशाऱ्यावर करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बसवल्यापासून इंजिन सुरेख चालतंय. आयडल स्थिर आहे, गार इंजिन लगेच उठतं. टॅकोमीटरने (इंजिनचे मिनिटाला किती फेरे, म्हणजे आरपीएम, ते दाखवणारा मीटर) मात्र साथ सोडली होती. आयडलला ठीक, 2500 च्या वर काटा थरथरायचा आणि 4000 च्या आसपास एकदम शून्याकडे पडून पुन्हा उसळायचा. आता काटा शांत आहे. मधल्या टप्प्यांची नोंद इथे ठेवतो, कारण अशा वेळी बरेच जण मूळ मीटर काढून नवा बसवतात आणि ते मला फार जिवावर येतं.

हा मीटर स्मिथ्सचा, आरव्हीआय जातीचा. कॉइलच्या निगेटिव्हवरचं व्होल्टेज तो बघतच नाही. इग्निशन स्विचकडून कॉइलकडे जाणारी पांढरी वायर मीटरच्या मागे वेढा घेऊन पुढे जाते. दर ठिणगीला तिच्यातला प्रवाह तुटतो आणि तो झटका मीटरचा छोटा ट्रान्सफॉर्मर पकडतो. त्यावर दोन ट्रान्झिस्टरचं मोनोस्टेबल (दर इशाऱ्याला एकदाच उठणारं) सर्किट ठरावीक रुंदीचा एक पल्स सोडतं, आणि काटा या पल्सची सरासरी दाखवतो. चार सिलिंडरला क्रँकच्या एका फेऱ्यात दोन ठिणग्या पडतात, म्हणजे 3000 आरपीएमला सेकंदाला 100 पल्स.

एवढं लक्षात घेतलं की लक्षणं वाचता येतात. काटा बरोबर दुप्पट दाखवत असेल तर दर ठिणगीला सर्किट दोनदा ट्रिगर होतंय. मधूनच पडत असेल तर काही झटके त्याला पोचतच नाहीत. सगळीकडे सारख्या टक्क्याने जास्त किंवा कमी असेल तर पल्सची रुंदी बदललीय, आणि फक्त याच तिसऱ्या प्रकारात कॅलिब्रेशनच्या पॉटला (मीटरच्या आतला फिरवून जुळवायचा छोटा रेझिस्टर) हात लावायचा. पहिल्या दोन्हींत पॉट फिरवला तर मूळ दोष तसाच राहतो आणि वर कॅलिब्रेशनही जातं.

सुरुवात मॉड्यूलच्या पुरवठ्याच्या लाल वायरीपासून केली. ती कॉइलच्या पॉझिटिव्हवर होती, किटबरोबरच्या आकृतीतही तसंच दाखवलंय. व्होल्टेज बघणाऱ्या मीटरला ते चालतं. इथे मात्र मॉड्यूलचा स्वतःचा प्रवाहही त्याच वेढ्यातून जातो. लाल वायर मीटरच्या आधी, इग्निशन स्विचच्या बाजूला नेली. आता वेढ्यातून फक्त कॉइलचा प्रवाह वाहतो. थरथर बरीच कमी झाली, पडणं चालूच राहिलं.

पडण्याचं कारण झटका कमकुवत असणं. 3 ओहमच्या कॉइलमध्ये 12 व्होल्टला प्रवाह 4 अँपिअरपर्यंत जायला हवा, पण 6000 ला दोन ठिणग्यांमध्ये जेमतेम 5 मिलिसेकंद असतात आणि कॉइल भरायला त्यातला काहीच भाग मिळतो, त्यामुळे प्रवाह शिखर गाठतच नाही. पॉइंट्सच्या वेळीही हे होतंच. पण तेव्हा कंडेन्सर (पॉइंट्सना जोडलेला कपॅसिटर) आणि कॉइल मिळून प्रवाह बराच वेळ झुलत राहायचा आणि मीटरला दणदणीत इशारा मिळायचा. कंडेन्सर गेल्यावर तो झुला संपला. म्हणून पांढऱ्या वायरीचा आणखी एक वेढा वाढवला. इशारा वाढला आणि पडणं थांबलं. वेढ्याची दिशा मूळचीच ठेवायची, उलटी झाली की सर्किट भलत्याच कडेवर ट्रिगर होतं किंवा होतच नाही. पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली) गाडी निगेटिव्हवर आणली असेल तर मीटरच्या आतला पुरवठा आणि हा वेढा, दोन्ही उलटावे लागतात.

उरलीसुरली थरथर तांब्याच्या गाभ्याच्या प्लग-वायरींची होती. रेझिस्टन्सवाल्या लावल्या आणि ती गेली.

मग समोर आली ती निखळ तिसऱ्या प्रकारची चूक: स्ट्रोबवर (ठिणगीबरोबर लुकलुकणारा, आरपीएम मोजणारा दिवा) 3000 असताना काटा 3400 वर. केस उघडली. क्रोमची कडा फिरवून तिचे दात केसच्या खाचांसमोर आणले की ती सुटते, पण आतलं रबर चिकटून बसलेलं असतं, तेव्हा घाई करू नये. कामाच्या टेबलावर 555 टायमर (पल्स बनवणारी चिप) आणि एक मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) घेऊन 3 ओहमच्या जाडजूड रेझिस्टरमधून प्रवाह तोडत राहिलो आणि तीच वायर वेढ्यातून नेली (रेझिस्टर भयंकर तापतो, लाकडावर ठेवू नका). मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरवरून 50 हर्ट्झ घेण्याची युक्ती व्होल्टेजवाल्या मीटरसाठी छान आहे, 1500 आरपीएम आयतं मिळतं. पण या मीटरला प्रवाहाची तीक्ष्ण कड लागते, साइन वेव्हवर भरवसा नाही. 33.3 हर्ट्झला 1000, 100 ला 3000, 200 ला 6000, असं मल्टिमीटरवर वारंवारता बघत तपासलं. पॉट फिरवून 3000 जुळलं, पण 6000 ला काटा मागे राहू लागला. जुना टायमिंग कपॅसिटर बदलल्यावर दोन्ही टोकं ओळीत आली.

ज्यांच्याकडे कॉइलच्या निगेटिव्हला जोडलेला नंतरचा आरव्हीसी मीटर आहे त्यांचं काम सोपं. तिथे काटा दुप्पट दाखवत असेल तर सिग्नलच्या वायरीत काही किलोओहमचा रेझिस्टर घालून बघा. सीडीआय बॉक्स (कपॅसिटर भरून ठिणगी देणारं इग्निशन) लावणाऱ्यांनी मात्र आरव्हीआयच्या वेढ्यातून बॉक्सचा पुरवठा नेऊन उपयोग नाही. त्या वायरीत बॉक्सच्या कन्व्हर्टरचा प्रवाह असतो, ठिणगीचा नाही. शिवाय कमी आरपीएमला काही बॉक्स एकाच आवर्तनात अनेक ठिणग्या देतात. बॉक्सचं वेगळं टॅको आउटपुट आणि प्रवाहावर चालणाऱ्या मीटरसाठीचा अडॅप्टर, हाच मार्ग.

मूळ काटा आणि डायल ठेवून आत एलएम2917 (वारंवारतेचं व्होल्टेज करणारी चिप) चं नवं सर्किट बसवणं हाही चांगला उपाय आहे. मूळ ट्रान्झिस्टर मेलेले असतील तर मीही तेच करेन. माझे जिवंत आहेत, म्हणून तूर्तास नाही.

बाकी आहे ती गरम डॅशबोर्डवरची तपासणी. जर्मेनियम ट्रान्झिस्टर उष्णतेला हळवे असतात, म्हणून लांबच्या फेरीनंतर लगेच स्ट्रोब लावून 3000 पुन्हा बघणार आहे. सहा सिलिंडरवाल्यांनी वरचे हर्ट्झचे आकडे दीडपट करून घ्यावेत, व्ही-8 वाल्यांनी दुप्पट.