हात किती, तितकीच बाळं: आमच्या पाळणाघराची वाटचाल

रांगती बाळं किती घ्यायची, हे आम्ही जिन्यावर ठरवलं. चिपळुणातल्या चार मजली इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं पाळणाघर आहे. संकटात एक बाई एकच बाळ पोटाशी बांधून, कठडा धरून धीराने उतरू शकते. आम्ही तिघी आहोत, म्हणून रांगती बाळं तीनच. चौथ्या बाळाची आई दारात येते, बिचारीची रजा संपलेली असते, सासूबाई गावाला असतात. तिला नाही म्हणताना आतडं तुटतं. पण हो म्हटलं, तर वेळ आल्यावर ते बाळ कोण उचलणार, याचं उत्तर माझ्याकडे नसतं.

२२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणच्या पुष्कळ घरांचा हिशेबच बदलला. दुकानं चिखलात गेली, भांडवल गेलं आणि बायका नोकरीला बाहेर पडल्या. पुढच्या वर्षी मी बालवाडीतलं काम सोडून घरातच पाळणाघर सुरू केलं. सुरुवातीची मुलं शेजारपाजारचीच होती. खाऊ, झोप, गाणी, औषधाच्या वेळा यांची घडी लवकर बसली. संकटात मुलं बाहेर कशी काढायची याची तयारी मात्र वर्षानुवर्षं चालली आहे, आणि या धंद्यात माझा सगळ्यात जास्त जीव तिच्यात गुंतला आहे.

चिपळुणात एकच बेत करून भागत नाही. घरात आग लागली तर मुलांना घेऊन खाली उतरायचं. वाशिष्ठी नदीचं पाणी चढलं तर वर, गच्चीकडे. अतिवृष्टी आणि खाडीची भरती एका वेळी आली की पाण्याला उतरायला वाट राहत नाही. महापुराच्या वर्षी बाजारपेठेतले तळमजले बुडाले होते. तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत विजेचे मीटर जिन्याच्या पायथ्याशी असतात. तिथे ठिणगी पडली की धूर जिन्यातून वर चढतो आणि जिनाच धुराडं होतो. अशा वेळी उतरायचं नाही. दार बंद करायचं, फटीत ओले टॉवेल कोंबायचे, मुलांना रस्त्याकडच्या बाल्कनीत न्यायचं, १०१ किंवा ११२ ला फोन लावायचा आणि रंगीत चादर हलवत राहायचं. म्हणून आमच्याकडे दार उघडण्याआधी त्याला हाताची मागची बाजू लावून पाहायची सवय आहे. दार गरम लागलं किंवा फटीतून धूर आला, तर ते उघडायचं नाही. भूकंपाचंही असंच. कोयना जवळ आहे, ११ डिसेंबर १९६७ ची आठवण इथले म्हातारे अजून सांगतात. हादरे चालू असताना जिन्याकडे धावायचं नाही, आधी टेबलाखाली जायचं.

झोळ्या आम्ही जुन्या सुती लुगड्यांच्या शिवून घेतल्या, दुहेरी कापड आणि खांद्यापाशी तिहेरी शिलाई. पाठीवर बांधलं तर हात मोकळे राहतात, पण धुरात बाळाचं नाक दबलंय का, मान कलंडली का, ते दिसत नाही. म्हणून बाळ पोटाशी, तोंड बाजूला आणि हनुवटी छातीला टेकणार नाही असं. पहिला सराव तांदळाच्या पिशव्यांवर केला. आठ किलोची पिशवी बांधून उतरताना पायरी दिसतच नाही, ती पायाने चाचपावी लागते. हे एकदा अंगवळणी पडल्यावरच खरी बाळं बांधली.

चालत्या मुलांसाठी एक सुती दोरी आहे, हातभर अंतरावर कापडी कड्या लावलेली. मुलांनी कडी नुसती धरायची. मनगटाला काही बांधायचं नाही, नाहीतर एक घसरला की सगळी ओढली जातात. पुढे एक ताई, मागे एक ताई, आणि मी संडास-मोरी, पलंगाखाली आणि पडद्यामागे बघून शेवटी. भेदरलेलं मूल लपतं, हाकेला ओ देत नाही. शिट्टी वाजली की दोरी, इतकं दोन वर्षांच्या मुलालाही कळतं. सरावात सगळ्यात अवघड गेलं ते चपला न घालता निघणं. एकेक पोर बक्कल लावत बसायचं. आता ‘शिट्टीला अनवाणी’ हे ती एकमेकांना बजावतात.

सराव आम्ही मुद्दाम दुपारच्या झोपेत करतो, कारण तीच खरी कठीण वेळ. पूर्वी त्याच वेळी एखादी ताई जेवायला घरी जायची. आता मुलं झोपलेली असताना तिघींपैकी कुणीही इमारत सोडत नाही. त्यापायी पगार वाढवला, मग फी वाढवावी लागली, काही पालक सोडून गेले. मला त्याचं वाईट वाटलं, पण हा खर्च टाळण्यासारखा नाही.

घरातली मांडणीही फिरवली. मुलं आता हॉलमध्ये, मुख्य दाराजवळ झोपतात, म्हणजे बाहेर पडताना स्वयंपाकघर वाटेत येत नाही. इन्व्हर्टर दारामागून हलवला. गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या आणि एकाही बटणाला हात नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, आणि आमची मुलं जमिनीवरच झोपतात. खिडकीच्या ग्रिलला उघडणारी झडप करून घेतली. आमच्या दमट हवेत तिचं कुलूप गंजायला एक पावसाळा पुरतो, म्हणून दर रविवारी तेल. अग्निशामकाच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे ना, पिन जागेवर आहे ना, गंजून अडकली नाही ना, हेही तेव्हाच बघतो.

सोसायटीशी बोलायला मात्र फार संयम लागला. गच्चीची किल्ली एकाच घरात असायची आणि ते कुटुंब बऱ्याचदा मुंबईला. जिन्यात चपलांची कपाटं, सायकली, कुंड्या. मी सेक्रेटरी काकांना सभेत बोलावण्याऐवजी सरावाला बोलावलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दोरी कुंडीत अडकली आणि मागची मुलं एकमेकांवर आदळली, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. “वहिनी, कुंड्या उद्या हलतील,” म्हणाले, आणि हलल्या. गच्चीची एक किल्ली आता आमच्या दाराशी असते.

आमच्या निम्म्या पालकांची नोकरी घाटापलीकडच्या लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत. परशुराम घाटात दरड आली किंवा पूल बंद झाला की ते पलीकडेच अडकतात. २०२१ ला वीज गेली, मोबाइलही मुके झाले होते. म्हणून पालकांचे नंबर आणि मूल कुणाच्या हाती द्यायचं ती नावं कागदावर, प्लॅस्टिकमध्ये, हजेरीवहीसोबत दाराजवळच्या पिशवीत. त्याच पिशवीत टॉर्च, पाणी, डायपर, बिस्किटं आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर. रेड अलर्टला आम्ही बंद ठेवतो. मात्र नर्स आणि वीज मंडळातल्या आईबाबांची मुलं घेतो, कारण त्यांना त्याच दिवशी घरी बसता येत नाही. ती मुलं मुक्कामाचे कपडे घेऊन येतात.

आता दुसऱ्या जागेची मागणी आहे. खेर्डीकडे एक फ्लॅट बघितला. भाडं परवडणारं, उजेड भरपूर, पण मीटर जिन्याखाली आणि त्यालगतच स्कूटर चार्जिंगला लावलेल्या. घरमालकांना मीटरची खोली वेगळी करून द्याल का, असं विचारलं आहे. ते गणपतीनंतर कळवणार आहेत.