दारापासून डीएसपीपर्यंत: गाडीतला आवाज मोजून सुधारण्याचा माझा अनुभव

नवे स्पीकर घेण्याआधी जुनेच मोजले, म्हणून पुढचे पैसे योग्य जागी गेले. गाडी छोटी हॅचबॅक. पुढच्या दारांत साडेसहा इंची वूफर (जाड सुरांचे स्पीकर), आरशाजवळच्या तिकोन्यात ट्वीटर (बारीक सुरांचे), मागे काहीच नाही. तक्रारी दोन: बास पातळ, आणि गाणं सगळं उजव्या दारातून येतंय असं वाटायचं.

मोजणीसाठी युमिक-१ हा युएसबी मायक्रोफोन आणि लॅपटॉपवर आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं. या माइकच्या सीरियल नंबरवरून त्याची स्वतःची कॅलिब्रेशन फाइल (माइकची चूक भरून काढणारी) उतरवता येते. माइक छताकडे तोंड करून धरणार असाल तर ९० अंशांची फाइल लावा. ० अंशांची लावली तर वरच्या पट्टीतले आकडे चुकतात. मोबाइलच्या माइकवर मी भरवसा ठेवला नाही, कारण बासच्या भागात तो काय गाळतो ते मॉडेलगणिक बदलतं.

जागा शांत हवी. जळगावात दिवसा कॉलनीतसुद्धा ट्रकची घरघर खालच्या पट्टीत येतच राहते, म्हणून मेहरूण तलावाच्या बाजूला पहाटे साडेपाचला गाडी लावायचो. उन्हाळ्यात काचा बंद, एसी बंद करून तासभर बसायचं तर तीच वेळ परवडते. इंजिनही बंद ठेवावं लागतं, त्यामुळे बॅटरीवर लक्ष हवं. मल्टिमीटरवर १२ व्होल्टच्या जवळ आलं की मी मोजणी थांबवायचो.

पद्धत अशी: पिंक नॉईज (सगळ्या पट्ट्यांत सारख्या ताकदीची खरखर) लावायचा, आवाज ८० ते ८५ डेसिबलच्या आसपास ठेवायचा, सीटवर नेहमीसारखं बसायचं आणि डोक्याभोवतीच्या जागेत माइक ४०-५० सेकंद संथपणे फिरवत सरासरी घ्यायची. एका बिंदूवर घेतलेला आलेख (कोणत्या पट्टीत किती आवाज) कारमध्ये फसवा असतो. माइक चार बोटं हलवला की चित्र बदलतं. डावी बाजू एकटी, उजवी एकटी, मग दोन्ही मिळून, असे तीन आलेख प्रत्येक वेळी घ्यायचे.

या तीन आलेखांनीच पहिला दोष दाखवला. ९० हर्ट्झच्या आसपास डावा एकटा ठीक, उजवाही ठीक, पण दोन्ही मिळून आवाज वाढायच्या ऐवजी कमी. दोन स्पीकर जुळले तर तिथे ६ डेसिबलपर्यंत वाढ दिसायला हवी. याचा अर्थ एका स्पीकरची पोलॅरिटी (धन-ऋण जोडणी) उलटी. वायर सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावला: उजव्याचा कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) बाहेर आला, डाव्याचा आत गेला. आधीच्या कुठल्यातरी कामात डाव्याच्या वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या. त्या सरळ केल्या आणि एक रुपयाही न घालता बास परत आला. तुमचा बास पातळ वाटत असेल तर सबवूफरचा (खोल बासच्या वेगळ्या स्पीकरचा) भाव विचारण्याआधी हे जरूर तपासा.

दुसरा शोध कंपनीच्या स्टिरिओचा. व्हॉल्यूम १०, २० आणि ३० वर तेच मोजमाप घेतलं तर २५ च्या वर स्टिरिओ स्वतःहून बास कापत होता. लहान स्पीकर फाटू नयेत म्हणून तशी रचना असते. त्यामुळे पुढे डीएसपी (प्रत्येक स्पीकरला जाणारा आवाज वेगवेगळा घडवणारं डिजिटल यंत्र) लावल्यावर सगळी जुळणी स्टिरिओच्या २२ या एकाच आकड्यावर केली आणि रोजचा आवाज डीएसपीच्या रिमोटवरून कमी-जास्त करू लागलो.

आता दार. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो, आणि लोक नेमकं हेच टाळतात. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोकं असतात. कोनच्या मागची हवा त्यातून पुढे येऊन पुढच्या आवाजाला मारते. मी भोकांवर पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसवला आणि वरून २ मिमी ब्यूटाइल शीट (रबरासारखी चिकट) रोलरने दाबली. बाहेरच्या पत्र्यावर मात्र सगळीकडे शीट लागत नाही; तिसरा हिस्सा झाकला तरी पत्र्याचा टणत्कार मरतो. एका दाराला साधारण एक चौरस मीटर शीट लागली. दुकानदार म्हणाला, ‘भाऊ, डांबराची शीट लावा, निम्म्यात काम होईल.’ खान्देशात ती लावूच नये. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान ६० अंशांच्या वर जातं; डांबर मऊ पडून खाली सरकतं आणि गाडीभर वास सुटतो.

शीट लावण्याआधी पत्रा थिनरने पुसावा. आपल्याकडची काळ्या मातीची बारीक धूळ दाराच्या आत थराने बसलेली असते, आणि तिच्यावर लावलेली शीट पावसाळ्यात सुटते. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं बुजवू नयेत, नाहीतर दार आतून गंजेल. काच पूर्ण खाली करून ती कुठे घासत नाही ना, ते पॅनल बसवण्याआधी पाहावं. स्पीकरखालची एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) रिंग सगळ्या बाजूंनी ऑइलपेंटचे दोन हात देऊनच बसवली. कोरं एमडीएफ पाणी पिऊन फुगतं. मग ३० ते २०० हर्ट्झचा सूर संथपणे चढवत हाताने दाबून पाहिलं: कुलपाच्या सळ्या, पॅनलच्या क्लिपा आणि मागची नंबरप्लेट, तिन्ही वाजत होत्या. फेल्ट टेप आणि फोमने तिन्ही गप्प झाल्या. एवढ्यानंतर ८० ते २०० हर्ट्झचा भाग सुमारे ४ डेसिबलने वर आला. स्पीकर अजून तेच होते.

सबवूफर १० इंची, १८ मिमी एमडीएफच्या बंद खोक्यात, आतली जागा २८ लिटर. आपल्याकडे कापूस मुबलक, म्हणून खोक्यात गादीचा कापूस भरायचा सल्ला मिळतो. पण तो दमट हवेत बसतो, त्याचे गोळे होतात. पॉलिस्टर फायबर वापरा.

वायरिंगमध्ये काटकसर नको. बॅटरीपासून अ‍ॅम्पपर्यंत (स्पीकरना ताकद देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत) ४ गेजची वायर शुद्ध तांब्याची घेतली. ५ मीटरला, ६० अँपिअर ओढताना, तिच्यात पाव व्होल्टच्या आसपास घट होते. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या वायरीत हीच घट जवळपास दीडपट. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत. अर्थिंगची वायर अर्ध्या मीटरच्या आत, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर. आरसीए केबल (आवाजाचा सिग्नल नेणारी) गाडीच्या एका बाजूने आणि पॉवरची दुसऱ्या बाजूने नेली. रेसबरोबर चढणारी शिट्टी आलीच तर आधी अर्थिंग पाहा.

अ‍ॅम्पचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) कानाने लावू नये. स्पीकर सोडवून, टेस्ट टोन वाजवून, अ‍ॅम्पच्या आउटपुटवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवायचा. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ म्हणजे व्होल्ट. ७५ वॉट आणि ४ ओहमला १७.३, सबच्या ३०० वॉट आणि २ ओहमला २४.५. पहिल्यांदा चालू करताना ट्वीटरच्या वाटेत ४७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर ठेवला. डीएसपीत चॅनल चुकलं तर ट्वीटरला सरळ बास जातो आणि तो क्षणात जळतो.

क्रॉसओव्हर (कोणत्या स्पीकरला कोणती पट्टी जाईल ते ठरवणारे फिल्टर) सगळे २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह, लिंकविट्झ-रायली जातीचे: सब ८० हर्ट्झपर्यंत, वूफर ८० ते ३०००, ट्वीटर ३००० च्या वर.

डिलेसाठी, म्हणजे जवळच्या स्पीकरचा आवाज थोडा उशिरा सोडून सगळे एकाच वेळी कानी यावेत म्हणून, टेपने डोक्यापासून अंतरं घेतली: सब १७५ सेंमी, डावा वूफर १४०, डावा ट्वीटर १२५, उजवा वूफर ९५, उजवा ट्वीटर ८५. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर सबला शून्य आणि बाकीच्यांना याच क्रमाने १.०२, १.४६, २.३३ आणि २.६२ मिलिसेकंद. गाणारीचा आवाज उजव्या दारातून उठून डॅशबोर्डच्या मध्यावर आला. सबचं मात्र टेपवर भागत नाही, कारण खोकं आणि फिल्टर फेज (लहरीची वेळ) फिरवतात. त्यासाठी सबची पोलॅरिटी मुद्दाम उलटी करून बाकी चौघांचा डिले पाव-पाव मिलिसेकंदाने वाढवत गेलो. ८० हर्ट्झला खड्डा सगळ्यात खोल झाला, तो आकडा कायम ठेवला आणि पोलॅरिटी सरळ केली. माझ्या गाडीत चौघांनाही सव्वा मिलिसेकंद जादा लागला.

ईक्यू (वेगवेगळ्या पट्ट्यांचा आवाज कमी-जास्त करणं) सगळ्यात शेवटी, आणि आधी फक्त कापायचं. डाव्या वूफरला २२० हर्ट्झवर १० डेसिबलचा खड्डा होता. तो भरायचा मोह झाला. पण १० डेसिबल म्हणजे दहापट वॉट, आणि माइकच्या जागी खड्डा भरला तरी डोकं थोडं हललं की तिथेच उंचवटा. ३ डेसिबल दिले आणि सोडून दिलं. त्याऐवजी ३०० ते ३००० हर्ट्झमध्ये डावी-उजवी बाजू दीड डेसिबलच्या आत एकसारखी केली. लक्ष्य-रेषा (आलेख जसा हवा ती) १ किलोहर्ट्झला शून्य धरून ६० हर्ट्झखाली १० डेसिबल वर आणि २० किलोहर्ट्झकडे हळूहळू ६ खाली. तपासायला कानबाईच्या (खान्देशातल्या देवीच्या) गाण्यांचं एक साधं रेकॉर्डिंग वापरलं: ढोलकीची थाप पायाजवळ न पडता समोर पडते का, आणि मागच्या बायकांचा कोरस वेगळा ऐकू येतो का, हे त्यात लगेच कळतं.

भुसावळच्या बाजूला महामार्ग ५३ वर ८० च्या वेगाने गेलं की टायरची घरघर नेमका बासच गिळते. त्यासाठी दुसरा प्रीसेट केला, १०० हर्ट्झखाली आणखी ३ डेसिबल. पावसाळा संपल्यावर पुन्हा तलावाजवळ मोजलं. डाव्या बाजूचा बास २ डेसिबलने उतरला होता. पॅनल उघडलं तर भोकावरच्या पत्र्याचा एक कोपरा सुटलेला. तो पुसून पुन्हा दाबला आणि आलेख जागेवर आला.