शाळेमागचा नाला आणि मालवणचा खडक

आपल्या शाळेमागच्या नाल्याचे ऋण मला या स्मरणिकेत नोंदवायचे आहे. पावसाने उघडीप दिली, की विज्ञानाचे सर आम्हां सातवीच्या मुलांना पऱ्हाटीच्या वावराच्या धुऱ्यावरून तिकडे घेऊन जात. दगड उचलायचा, खालचे जीव भिंगातून पाहायचे, वहीत तारीख, वेळ व जागा लिहायची आणि दगड होता तसाच पालथा ठेवायचा, असा त्यांचा दंडक होता. गोगलगाईचे डोळे तिच्या वरच्या शिंगांच्या टोकांना असतात, हे मी पळसाच्या पानावर चाललेल्या गोगलगाईत पाहिले.

यवतमाळ जिल्ह्यातून समुद्र गाठायचा म्हणजे जवळजवळ अख्खे राज्य ओलांडावे लागते. त्यामुळे प्राणिशास्त्र शिकताना मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर गेलो, तोच माझा पहिला समुद्र. शंख नसलेल्या समुद्री गोगलगाई पाहायच्या तर अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला, पाणी उतरत असतानाच खडकांत उतरावे लागते. पहिला तासभर मला एकही दिसली नाही, कारण मी जीव शोधत होतो. शोधायला हवे होते त्याचे अन्न. यांतल्या अनेक जाती ठरावीक स्पंजांवरच, म्हणजे खडकाला चिकटून वाढणाऱ्या साध्या प्राण्यांवरच, जगतात, हे लक्षात आल्यावर मी फक्त स्पंज लागलेले दगड उचलू लागलो.

अशाच एका दगडाखाली बोटाच्या पेराएवढा, बुळबुळीत, पिवळसर गोळा चिकटलेला होता. पाण्याबाहेर त्याला आकारच नव्हता. दगड तसाच डबक्यात धरला आणि श्वास रोखून पाहत राहिलो. हळूहळू तो पसरला, पुढे दोन शिंगे उभी राहिली आणि पाठीवर, मागच्या टोकाशी, कल्ल्यांचा झुबका फुलासारखा उमलला. पाणी जरा हलले तशी तो झुबका तिने झटकन आत ओढून घेतला. धुऱ्यावरच्या गोगलगाईसारखे डोळे मी शिंगांवर शोधले, पण ही शिंगे पाण्यातला वास घेण्यासाठी असतात, आणि डोळे म्हणजे उजेड-अंधार कळण्यापुरते, कातडीत बुडालेले दोन ठिपके. अळीच्या अवस्थेत तिलाही इवलासा शंख असतो व वाढताना तो गळून पडतो, हे मला आजही विलक्षण वाटते.

शेजारी पांढरी फीत वेटोळे घालून चिकटली होती. ती तिची अंडी होती आणि दगड उताणा राहिला असता तर उन्हात सुकून गेली असती. मी वहीत तारीख, वेळ व जागा लिहिली आणि दगड पालथा घातला, तेव्हा भरतीचे पाणी घोट्यापर्यंत चढले होते.