पर्समधला आणि कपाटातला

मंगळवार, रात्री

कॅमेऱ्याच्या डब्यातलं सिलिका जेल, ओल शोषणारे खडे, पुन्हा गुलाबी पडलं. मागच्याच आठवड्यात कढईत तापवून निळंशार करून ठेवलं होतं (कढई त्यासाठी वेगळी आहे, उगाच कुणी घाबरू नये). पावसाळ्यात मुंबईच्या हवेतला दमटपणा ऐंशी टक्क्यांच्या खाली उतरायचं नाव घेत नाही, आणि लेन्सला मानवते ती चाळीस-पन्नास टक्क्यांची हवा. म्हणून माझा डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) जूनपासून घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात नजरकैदेत असतो. डबा मुळात चकल्यांसाठी आणलेला. सासूबाई ते अजून विसरलेल्या नाहीत.

टॉर्च लावून लेन्समधून आरपार पाहिलं. बुरशी धरली की ती अशा तिरक्या उजेडातच दिसते, काचेच्या कडेकडून आत सरकणारे बारीक पांढरे तंतू. अजून तरी काही नाही. पण ज्या वस्तूची एवढी उस्तवार करतेय ती पाऊस लागल्यापासून घराबाहेर पडलेलीच नाही. पाऊस हे एक कारण झालं. खरं सांगायचं तर उन्हाळ्यातही ती फारशी पडली नव्हती.

निकॉन डी५३००, २०१३ सालचं मॉडेल. बॅटरी-कार्डासकट ५३० ग्रॅम. त्यावर १८-१४० ची झूम लेन्स (आकडे मिलिमीटरचे, मोठा आकडा म्हणजे लांबचं जवळ), ती ४९० ग्रॅम. म्हणजे किलोभर झालं, पट्टा आणि बॅग वेगळी. मुलुंडहून सकाळची फास्ट पकडायची तर हातात डबा, छत्री, पाण्याची बाटली आणि ऑफिसची पर्स असतेच. त्यात कॅमेऱ्याची बॅग पुढे घेऊन लेडीज डब्यात शिरलं की घाटकोपरला आत घुसणारी पहिली बाई विचारते, "सामान घेऊन चढलात का?"

यंदा हातात थोडे पैसे आहेत आणि रोज जवळ राहील असा कॅमेरा हवाय. नव्या-जुन्या डीएसएलआरमध्येच थोडं हलकं काहीतरी बघावं, की सरळ कॉम्पॅक्टवर, म्हणजे लेन्स न बदलणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यावर यावं, हे महिनाअखेरीपर्यंत ठरवायचं.

बुधवार

नवऱ्याचं म्हणणं, फोन आहे ना.

म्हणणं चुकीचं नाही आणि तिथेच सगळी गोम आहे. पूर्वी कॉम्पॅक्टची तुलना डीएसएलआरशी व्हायची, आता तिला आधी फोनला हरवावं लागतं. सेन्सरचं, म्हणजे उजेड टिपणाऱ्या चिपचं, गणित मांडून पाहिलं. माझ्या डीएसएलआरचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटर. चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये ज्याला एक इंची म्हणतात तो १३.२ बाय ८.८, म्हणजे क्षेत्रफळात माझ्या कॅमेऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. स्वस्तातल्या, लांबलचक झूमच्या कॉम्पॅक्टमध्ये असतो तो ६.२ बाय ४.६ च्या आसपासचा. हा तर एक इंचीच्याही चौथ्या हिश्श्यात बसतो. असा कॅमेरा घेण्यात काही हशील नाही. उजेड कमी झाला की तो फोनच्या मागे पडतो, कारण फोन एकामागोमाग अनेक फ्रेम घेऊन त्या आपल्या आपण एकत्र करतो आणि ह्या बिचाऱ्याकडे बहुतेक वेळा एकच फ्रेम असते.

मग फोन का नको? फोन अंधाराला अंधार राहू देत नाही. परवा ऑफिसातून उशिरा निघाले तेव्हा फ्लोरा फाउंटनपाशी पाऊस थांबून रस्ता ओला चमकत होता, कमानींखाली काळोख दाटला होता आणि एका चहावाल्याच्या स्टोपुरताच काय तो उजेड. फोनने काढलेल्या फोटोत कमानींखाली ठेवलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांवरची अक्षरंसुद्धा वाचता येतात. मी काही खोकी बघायला थांबले नव्हते.

शनिवार

पहाटेच्या लोकलने दादर. श्रावण लागलाय, त्यामुळे पश्चिमेचा फूलबाजार पुलाखालून ओसंडून रस्त्यावर आला होता. मुद्दाम डीएसएलआर नेला, ३५ ची छोटी लेन्स लावून. ती अवघी २०० ग्रॅमची, १.८ ॲपर्चरची (हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं आणि उजेड जास्त). निम्मं काम अंधारात आणि निम्मं पुलाखालच्या एलईडीत, अशा ठिकाणी झूमपेक्षा हिचाच भरवसा.

दोन गोष्टी इथे दरवेळी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे दिव्यांची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. शटर फार वेगवान ठेवलं तर एक फोटो उजळ, दुसरा मंद, आणि आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर फोटोभर आडवे पट्टे. शटर सेकंदाच्या १/१०० वर ठेवलं की त्रास मिटतो. दुसरी झेंडूची. त्याचा केशरी रंग सेन्सरला झेपत नाही, लाल चॅनल आधीच भरून जातो आणि पाकळ्यांच्या जागी एक सपाट केशरी गोळा उरतो. स्क्रीनवर फोटो छान उजळ दिसतो, फसायला होतं. एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, पाऊण स्टॉप खाली आणलं की पाकळीवर पाकळी दिसायला लागते.

एका कोपऱ्यात एक म्हातारेबुवा हार ओवत होते. लांब सुई उजव्या हातात, डाव्या मुठीत चार-पाच फुलं. अंगठ्याने एक फूल पुढे सरकायचं, सुई देठातून आत जायची आणि करंगळी आधीच्या फुलांना मागे रेटायची. नजर सुईवर नव्हतीच, ती होती पलीकडे भाव करणाऱ्या गिऱ्हाइकावर. बोटं फुलांच्या रसाने काळपट-हिरवी झालेली आणि अंगठ्याच्या नखात एक केशरी पाकळी अडकलेली.

"बाबा, फोटो काढू का?" म्हणून कॅमेरा डोळ्याला लावला. झालं! सुई खाली गेली, कॉलर सरळ झाली, हार दोन्ही हातांनी छातीशी आला. "हं, काढा. कुठल्या पेपरात येणार?" मागून त्यांचा नातू असावा, तो म्हणाला, "चॅनलवाल्या हायेत." मी तो फोटो काढला, त्यांना दाखवला, ते खूश झाले. फोटो वाईट नाही. पासपोर्टचा आहे एवढंच.

शेजारीच एक पोरगी फोनने भराभर व्हिडिओ काढत होती. तिच्याकडे कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

घरी येऊन यावरच विचार करत बसले. मला चोरून फोटो काढायचे नाहीत. विचारायचं तर छोट्या कॅमेऱ्यानेही विचारीनच. पण मोठी लेन्स समोर आली की माणसाला वाटतं आता आपलं काहीतरी व्हायचंय, पेपरात यायचंय, टीव्हीवर दिसायचंय. छोट्या कॅमेऱ्याला "काढा की" म्हणून माणूस पुन्हा हातातल्या कामाला लागतो. मला हवं ते काम.

रविवार

जेवताना वाद. नवरा म्हणाला, होमाई व्यारावाला साडी नेसून सायकलवरून तो अवजड स्पीड ग्राफिक कॅमेरा घेऊन फिरायच्या, आणि तुला किलोभर जड होतंय? (होमाईबाई, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, आमच्या ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, हे मीच त्याला कधीतरी सांगितलं होतं. सांगितलेलं असं उलटतं.) मी म्हटलं, त्यांचा तो पेशा होता. त्या फोटो काढायला घराबाहेर पडत. मी बिलं पास करायला पडते, फोटो वाटेत दिसतात.

भाची आली होती. तिला माझा जुना खणातला कूलपिक्स हवाय, पार्टीला न्यायला. त्यांच्या कॉलेजात सध्या डिजिकॅमचं वेड आहे. समोरून भक्कन फ्लॅश, तोंडं पांढरीफट, मागे काळोख. आम्ही ज्या फोटोंना नावं ठेवून कॅमेरे बदलले, नेमके तेच फोटो यांना हवेत! दिला. चार्जर सापडेना, तो तिने पाच मिनिटांत ऑनलाइन मागवला.

तिला विचारलं, डीएसएलआर नको का? म्हणाली, "मावशी, तो लग्नातल्या फोटोग्राफरचा ना?"

बाजारही हेच सांगतोय म्हणा. २०२० नंतर कॅनन आणि निकॉन या दोघांनीही एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही, सगळा जोर मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांवर. त्याचा एक फायदा असा की जुन्या डीएसएलआरच्या आणि त्यांच्या लेन्सच्या किमती उतरल्यात. नव्याने शिकणाऱ्याला मी अजूनही डोळे झाकून तोच सांगेन. हातात नीट बसतो, बॅटरी दिवसभर पुरते, सेन्सरवर धूळ बसली तर घरच्या घरी आरसा उचलून ब्लोअरने उडवता येते. आणि व्ह्यूफाइंडर, डोळा लावायची ती खिडकी! आरशावरून आलेला खराखुरा उजेड डोळ्याला दिसतो, स्क्रीन नाही, काही नाही. मरीन ड्राइव्हवर भर दुपारी मागच्या स्क्रीनवर फक्त स्वतःचा घामेजलेला चेहरा दिसतो, तेव्हा याची किंमत कळते.

माझं मन अडतं ते इथेच. वजन सोडायला मी एका पायावर तयार आहे, डोळ्याला कॅमेरा लावणं सोडवत नाही.

गुरुवार

लंच टाइमला फोर्टमध्ये एका जुन्या इमारतीच्या जिन्याच्या बिडाच्या, सुरेख वेलबुट्टीच्या कठड्याचा फोटो काढत होते. वॉचमन धावत आला. "मॅडम, कॅमेरा अलाउड नाय. फोनने काढा." मी फोनने काढला. तो शेजारी उभा राहून बघत होता, वर "इकडनं चांगला येईल" म्हणून जागाही दाखवली. नियम कुणी केला आणि कशासाठी, हे त्यालाही ठाऊक नसावं.

तिथून तशीच बोरा बाजारात. कॅमेऱ्यांची जुनी-नवी दुकानं, दारात दुरुस्तीची पाटी, आत काउंटरवर लेन्सची झाकणं भरलेली बरणी. मोठ्या सेन्सरचा, झूम नसलेला रिको जीआर ३ आधी हातात घेतला. डीएसएलआरएवढाच सेन्सर आणि वजन अवघं २५७ ग्रॅम. खिशात मावतो, फोटो लाजवाब. पण व्ह्यूफाइंडर नाही, आणि लेन्स एकच, २८ ची. २८ म्हणजे माणसाच्या अगदी जवळ जाणं आलं. तेवढं धाडस माझ्यात नाही. शिवाय किंमत ऐकून मी तो जपून काउंटरवर ठेवला.

मग सेकंडहँड सोनी आरएक्स१०० चं तिसरं मॉडेल, २०१४ सालचं. एक इंची सेन्सर, २४-७० ची लेन्स, ॲपर्चर १.८ ते २.८, वजन २९० ग्रॅम. आणि डाव्या कोपऱ्यातलं एक बटण सरकवलं की टुण्णकन वर येणारा इवलासा व्ह्यूफाइंडर! त्यातही स्क्रीनच आहे, आरशाची मजा नाही. पण डोळ्याला लावता येतो, ऊन आडवं येत नाही.

दुकानदार म्हणाला, "एकदम टकाटक, ताई." टकाटक आहे की नाही ते बघायच्या माझ्या रीती ठरलेल्या आहेत. डीएसएलआर असता तर आधी शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उडालंय तो आकडा, विचारला असता. अशा कॅमेऱ्यात खरा धोका बाहेर येणाऱ्या लेन्सचा. ती आत-बाहेर करताना धूळ ओढते, जुहूची वाळू तर हमखास, आणि आत गेलेली धूळ ब्लोअरने निघत नाही, कॅमेरा खोलावा लागतो. म्हणून ॲपर्चर ११ वर नेऊन त्याच्याच बिलबुकाच्या कोऱ्या पानाचा फोटो काढला आणि मोठा करून कोपरान्‌कोपरा पाहिला. धूळ असती तर राखाडी ठिपके दिसले असते. लेन्स पूर्ण बाहेर काढून हलकेच हलवून पाहिली, लटपटत नाही ना. झूम करताना कानाजवळ धरला, करकर नाही ना. व्ह्यूफाइंडर पाच-सहा वेळा वर-खाली केला. दुकानदार कंटाळून चहा मागवायला गेला.

बॅटरी हा त्याचा कच्चा दुवा. कंपनीच्याच हिशेबाने एका चार्जमध्ये सव्वातीनशेच्या आसपास फोटो, माझ्या डीएसएलआरचे सहाशे. जास्तीची बॅटरी लागणारच. ऑफिसच्या एसीतून बाहेर पडल्यावर काचेवर धुकं धरायचं ते दोन्हींवर सारखंच धरणार, तिथे लहान-मोठं नाही.

"विचार करून सांगते" म्हणाले. दुकानदार म्हणाला, "तोपर्यंत राहणार नाय." सगळेच असं म्हणतात.

शनिवार

राहिला होता. घेतला. बिल घेतलं, तीन महिन्यांची दुकानाची वॉरंटी त्यावर लिहून घेतली, आणि मनगटात अडकवायची दोरी त्याने फुकट दिली. परतीच्या लोकलमध्ये लेडीज डब्यात गवारीच्या शेंगा मोडत बसलेल्या एका बाईला विचारलं, हातांचा फोटो काढू का. "काढा की," म्हणाली आणि बोटं चालूच राहिली. शटर इतकं हळू वाजतं की झाला का म्हणून तिने नंतर विचारलं. दाखवला. म्हणाली, "नखं बघा कसली झालीत!" कमी उजेडासाठी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० वर नेला, तिथे थोडी कणी आहे, डीएसएलआरवर ती नसती. पण डीएसएलआर तिथे नसताच.

तो विकायचा नाही. हिवाळ्यात शिवडीला फ्लेमिंगो उतरले की ७०-३०० लेन्सशिवाय इलाज नाही, चिखलात लांबवर उभ्या पक्ष्यांपुढे हा ७० चा झूम काय करणार! ३५ ची लेन्सही ठेवतेय, दादरच्या पहाटेसाठी. १८-१४० मात्र आता कपाटात नुसती जागा अडवतेय. बुरशी नाही, ओरखडा नाही, दोन्ही झाकणं शाबूत. आज बोरा बाजारात तिचा भाव विचारला आणि ऐकून गुपचूप पिशवीत परत घातली. ऑफिसातली एकजण मुलाला कॅमेरा घेणार म्हणत होती, सोमवारी आधी तिला विचारते.