वादळ येणार हे आधी कसं कळतं? तुम्ही विचारलंत म्हणून

काटोलकडून मामांचा फोन येतो, "काय वं बाई, गारा येतीन का?" शेजारच्या ताईंना पापड-कुरडया गच्चीवर टाकायच्या असतात, ऑफिसात कुणाचं तरी लॉनवर रिसेप्शन असतं. प्रश्न फिरून एकच, तुला वादळ आधी कसं कळतं. तर माझं उत्तर असं की ढग नंतर बघा, आधी वारा कुठून येतोय ते बघा. नागपूर दोन्ही समुद्रांपासून लांब, आपल्याकडे ओल यायची तर ती वाऱ्यानेच आणावी लागते.

मी गच्चीच्या दांडीला जुन्या ओढणीची एक पट्टी बांधून ठेवलीय, सकाळी चहा घेऊन वर गेले की पहिलं तिच्याकडे बघते. एप्रिल-मेमध्ये बहुतेक दिवस ती पूर्वेकडे उडत असते, म्हणजे वारा पश्चिमेचा नाहीतर वायव्येचा, कोरडा, तोंड भाजणारा, पण घाम लगेच वाळतो आणि कूलर मस्त चालतो. मग एखाद्या दिवशी कूलर नुसती हवा फेकतो, चादर चिकचिकते, घरोघरी लोक म्हणतात पंप बिघडला, खस बदला. कूलरला काही झालेलं नसतं हो! पाणी हवेत उडून जातं तेव्हा कूलरमधून गारवा येतो, हवाच आधीपासून ओली असेल तर पाणी उडणार कसं? वर जाऊन बघावं तर पट्टी उलटी झालेली, वारा पूर्वेचा नाहीतर आग्नेयेचा, म्हणजे बंगालच्या उपसागराकडची दमट हवा आत शिरलीय. त्या दिवशी ऊन कडक पडलं की संध्याकाळी आभाळ उठायची शक्यता खूप वाढते, मी घरातल्यांना गच्चीवरचं सामान दुपारीच आवरायला सांगते.

आता यात एक गंमत आहे. खालचा वारा पूर्वेचा पण ढग मात्र बऱ्याचदा काटोल-कळमेश्वरच्या बाजूने येतो, कारण वरच्या थरात वारे पश्चिमेचे असतात आणि उंच वाढलेला ढग त्यांच्याबरोबर सरकतो. म्हणून उन्हाळ्यात मी पश्चिमेकडे तोंड करून उभी असते. ढगाचा माथा पसरून ऐरणीसारखा सपाट झाला की समजायचं हा पूर्ण वाढलेला वादळी ढग आहे.

आणि आंधीच येते नुसती, पाऊस चार थेंब, असं का, हेही खूपजण विचारतात. मेमध्ये ढगाचा तळ बराच उंच असतो, खाली सगळी हवा तापलेली, कोरडी. पाऊस वरून निघतो पण वाटेतच त्याची वाफ होते, त्याने तिथली हवा गार आणि जड होते आणि धाडकन खाली येऊन जमिनीवर पसरते. धूळ, पत्रे, गुलमोहराच्या फांद्या, होर्डिंग, सगळं त्या वाऱ्याने पडतं. पाऊस पडला नाही म्हणजे वादळ हुकलं असं नसतं, ते आपल्या डोक्यावर कोसळून गेलेलं असतं.

पावसाळ्यात सगळं उलटं. उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की ते बहुतेक वेळा ओडिशा, छत्तीसगड करत इकडे सरकतं, त्यामुळे तेव्हा माझं लक्ष गोंदिया-भंडाऱ्याकडे. तिकडे झड लागली की आपल्याकडेही छत्री बाहेर काढायची.

मामांचा प्रश्न मात्र सगळ्यात जीवघेणा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिमी विक्षोभाने, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या हवेच्या गडबडीने, वरची हवा थंड होते आणि खालून दमट वारा आला की गारा होतात, त्या वेळी ज्या उंचीवर तापमान शून्य अंश होतं ती पातळीही मे महिन्यापेक्षा खाली असते म्हणून गार विरघळायच्या आत जमिनीवर येते. तेव्हाच कुणाचा संत्र्याचा आंबिया बहार फुलावर, कुणाचा मृग बहाराचा माल तोडणीला, गहू-हरभरा उभा. दहा मिनिटांत वर्ष जातं हो. मी त्यांना एवढंच सांगते की उद्या-परवा धोका दिसतोय, तोडलेला माल झाका, कापलेला हरभरा आत घ्या. अमुक वावरात गार पडेल असं कुणीच सांगू शकत नाही.

ऋतू बदललेत का, याचंही उत्तर मी वाऱ्यावरच देते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचा 2017 चा अभ्यास आहे, 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या पावसाच्या घटना तिप्पट झाल्या, आणि त्याला अरबी समुद्रावरून मधूनच ओल घेऊन उसळणारे पश्चिमी वारे कारण आहेत. एकूण पाऊस कमी झाला तरी तो थोड्या तासांत पडतो. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवा, चार तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठची घरं झोपेतच पाण्यात. शहराने आता अशाच पावसाचा हिशेब धरून नाले मोकळे ठेवायला हवेत, वर्षाच्या सरासरीवर चालणार नाही.

वाऱ्यावरून दिवस कळतो, शेवटचा तास नाही. त्यासाठी हवामान खात्याच्या साइटवर नागपूरच्या रडारचं चित्र बघा, विजेसाठी दामिनी अ‍ॅप ठेवा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तिनाने भागलं की साधारण किलोमीटर येतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर लगेच पक्क्या घरात जायचं, झाडाखाली थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. मीसुद्धा तेव्हा गच्चीवर नसते, खिडकी लावून आतून बघते.